लिहून घेणारा माणूस



साने गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेत ‘चांगला नेता, चांगला मार्गदर्शक’ या विषयावर मी बोलावे, असे संयोजकांनी सुचवले. या विषयावरची पुस्तके आज बाजारात ढिगाने मिळतात. नेत्याची वाणी कशी असावी, त्याने निर्णय कसे घ्यावेत, माणसे कशी जोडावीत, हे सगळे त्यांत असते. मी छत्तीस वर्षे शाळेत काढली. त्यांतली बावीस वसतिगृहाचा अधीक्षक म्हणून गेली. त्या कामात मला जे कळले, आणि फार उशिरा कळले, ते मला या पुस्तकांत कुठे भेटले नाही. ते भेटले आपल्या खानदेशात, घराजवळ. म्हणून लांबचे दाखले न देता मी धुळ्याच्या तुरुंगापासूनच सुरुवात करतो.

१९३२ साल. जानेवारीत गांधीजींना अटक झाली आणि देशभर धरपकड सुरू झाली. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते, जमनालाल बजाज होते, खानदेशातले कितीतरी कार्यकर्ते होते आणि पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी होते. विनोबा छत्तीस वर्षांचे, साने बत्तीस वर्षांचे. दोघेही जन्माने कोकणातले. एक गागोद्याचा, दुसरा पालगडचा. २१ फेब्रुवारीच्या रविवारी विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केले आणि १९ जूनच्या रविवारी अठराव्या अध्यायावर. कॅलेंडर काढून मोजा. मधला एकही रविवार चुकलेला नाही. अठरा रविवार, अठरा अध्याय. धुळ्याचा एप्रिल-मे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. दगडी भिंत मध्यरात्रीसुद्धा हाताला चटका देते. त्या उन्हाळ्यात विनोबा बोलत होते आणि साने लिहून घेत होते.

आता हा लिहून घेणारा माणूस कोण होता ते पाहा. तो कोणी होतकरू कारकून नव्हता. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षे शिकवून, मुलांचा जीव की प्राण होऊन, १९३० साली नोकरी सोडून तो चळवळीत पडला होता. तो स्वतः बोलायला उभा राहिला की माणसे हलत नसत. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तो तमिळ शिकून आला होता. लेखणी तर अशी, की पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्याने पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. असा माणूस कागद-पेन्सिल घेऊन खाली बसला आणि दुसऱ्याचा शब्द-न्-शब्द टिपत राहिला.

‘गीता प्रवचने’ मी अनेकदा वाचली आहे. एक गोष्ट माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे लागली. गुरुजींचे स्वतःचे गद्य तुम्हाला माहीत आहे. ते भरून येते, उद्गारते, एकच भाव चार वाक्यांत पुन्हा पुन्हा कुरवाळते. मला ते प्रिय आहे. पण ‘गीता प्रवचने’त ते कुठे डोकावत नाही. तिथे विनोबाच बोलतात. आखडती वाक्ये, घरातले दृष्टांत, गणितासारखी मांडणी. इतका भावनाशील लेखक अठरा आठवडे स्वतःचा स्वर बाजूला ठेवू शकला. लिहिणाऱ्या माणसाला विचारा, हे किती अवघड असते. ते पुस्तक पुढे भारतातल्या कितीतरी भाषांत गेले आणि घरोघर पोचले. त्या सगळ्याच्या मुळाशी एका माणसाचा लिहून घेणारा हात आहे.

मराठीला हे नवे नाही. ज्ञानदेवांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी नेवाशाला ते आदराने लिहून घेतले, असे आपली परंपरा सांगते. तुकोबांच्या अभंगांना संताजी जगनाडे मिळाले. समर्थांना कल्याण मिळाला. आणि त्या संप्रदायाची हस्तलिखिते गावोगाव हिंडून नानासाहेब देवांनी ज्या वास्तूत आणून ठेवली, ते समर्थ वाग्देवता मंदिर तुमच्या धुळ्यातच आहे. तिथे एकदा जाऊन या. शाई फिकी झालेल्या त्या पोथ्यांपुढे उभे राहिले, की नाव झालेल्या प्रत्येक माणसामागे एक लिहून घेणारा असतो, हे डोळ्यांना दिसते.

पण या सगळ्या उदाहरणांत शिष्य लिहितो आणि गुरू सांगतो. मला आज याच्या उलट बाजूबद्दल बोलायचे आहे. जो पुढे चालतो, ज्याच्या हाती चार माणसांचे किंवा चाळीस मुलांचे भवितव्य असते, त्याने मागच्यांचे लिहून घेतले पाहिजे. मागचा काय म्हणतो, कशाला अडतो, काय लपवतो, कशाला घाबरतो, हे त्याने टिपले पाहिजे. मार्गदर्शकाच्या अंगी दुसरे शंभर गुण असोत. हा एक नसेल तर ते शंभर मुलांच्या कामी येत नाहीत, असे मला आता ठामपणे वाटते.

अमळनेरच्या छात्रालयाकडे याच नजरेने पाहू. साने १९२४ मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. त्याआधी ते अमळनेरच्याच तत्त्वज्ञान मंदिरात होते. म्हणजे ज्या माणसाने तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचत आयुष्य काढायचे, तो पलीकडच्या शाळेत मुलांमध्ये जाऊन बसला. पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांनी टाकलेली अंथरुणे ते उचलून ठेवत, कंदिलाच्या काचा पुसत, खोल्या झाडत, आजारी मुलाजवळ बसत. हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात आणि दर जयंतीला ते भाषणांतून सांगितले जाते. सांगणारे त्याचा अर्थ ‘सेवा’ असा लावतात. तो खरा आहेच. पण वसतिगृहात बावीस वर्षे काढलेल्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते.

मुलाचे अंथरूण उचलणाऱ्याला मुलाबद्दल फार काही कळते. गोधडी कोणाची आईने नव्याने शिवलेली आहे आणि कोणाची तीन वर्षांपासून तीच आहे. उशीखाली कोणाचे पत्र आहे. कोण रात्री रडला. कोणाचे अंथरूण ओले झाले आहे आणि म्हणून तो ते कोणाला हात लावू देत नाही. कंदिलाची काच पुसणाऱ्याला कळते की कोण रात्री उशिरापर्यंत वाचतो आणि कोणाच्या कंदिलाला काजळीच धरलेली नाही. अधीक्षक खुर्चीवर बसून मुलांना बोलावतो, तेव्हा मुले ‘सगळे ठीक आहे सर’ म्हणतात. गुरुजी बोलवत नसत, ते जात असत. झाडू हाती असलेल्या माणसापुढे मुलगा सावध होऊन उभा राहत नाही.

आणि मग ते लिहीत. ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित दैनिक त्यांनी सुरू केले. दररोज, हाताने, मुलांसाठी. थोडे थांबून याचा विचार करा. दिवसभराचे तास घ्यायचे, वह्या तपासायच्या, छात्रालय सांभाळायचे आणि वर रोज एक अंक. आपण शिक्षक लोक आठवड्याला एक फलक लिहितो तर थकतो. मुले त्या अंकाची वाट पाहत. मला वाटते त्याचे कारण सोपे असावे. रोज आपल्याच घरात निघणारा, आपल्याच जगाचा कागद. खेड्यातून आलेल्या, अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावात बावरलेल्या मुलाला आपले जग लिहिण्याच्या लायकीचे आहे, हे कोणीतरी पहिल्यांदाच सांगत होते. पुढे ‘विद्यार्थी’ मासिक छापील निघाले, १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ साप्ताहिक निघाले, शेवटी १९४८ च्या १५ ऑगस्टला ‘साधना’. या सगळ्याची मुळाक्षरे छात्रालयाच्या त्या हस्तलिखित कागदांवर गिरवलेली आहेत.

आता मी माझ्याबद्दल बोलतो. हे मी आजवर व्यासपीठावरून सांगितलेले नाही.

ज्या वसतिगृहाचा मी अधीक्षक होतो तिथे हजेरीचे मोठे रजिस्टर होते. तारखेचे रकाने आणि अगदी शेवटी ‘शेरा’. मुलगा घरी गेला, उशिरा परतला, की शेऱ्यात कारण लिहायचे. बहुतेक मुले म्हणत, ‘घरी काम होते.’ मी लिहायचो, ‘घ. का.’, म्हणजे घरगुती कारण. सातवीत एक मुलगा होता, भिल्ल समाजाचा. गणितात चांगला. दिवाळीनंतर तो सारखा गैरहजर राहू लागला. दोन दिवस यायचा, पाच दिवस नाही. मी त्याला समोर उभे करून शिक्षणाचे महत्त्व समजावून सांगितले. साने गुरुजींचेच दाखले दिले. तो मान खाली घालून ऐकत असे. एकदा हळूच म्हणाला, ‘घर कोनी नही व्हतं, सर.’ मी त्याला दुरुस्त केले. म्हणालो, ‘घरी कोणी नव्हते, असे म्हणावे.’

फेब्रुवारीत तो यायचा थांबला. वर्ष संपल्यावर त्याच्या गावचा दुसरा मुलगा सहज बोलता बोलता म्हणाला, ‘त्याचे मायबाप ऊसतोडीला गेले होते ना. म्हातारी आजी, दोन लहान बहिणी आणि एक म्हैस त्याच्यावर टाकून.’ आपल्या भागातून दर वर्षी दिवाळी झाली की कोयते निघतात, ट्रक भरून माणसे साखर कारखान्यांकडे जातात. हे मला माहीत नव्हते असे नाही. रस्त्यावरून जाणारे ट्रक मी पाहत होतो. ट्रकवरची माणसे आणि माझ्या रजिस्टरातला मुलगा यांची गाठ मी घातली नव्हती, एवढेच.

त्या रात्री मी रजिस्टर काढून बसलो. त्याच्या नावापुढे ‘घ. का.’ चौतीस वेळा होते. माझ्याच अक्षरात. तो माझ्याशी त्याच्या भाषेत बोलला होता, सगळे कारण एका वाक्यात सांगितले होते, आणि मी ते लिहून घेतले नाही. मी त्याचे व्याकरण तपासले.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून दोनशे पानी वही आणली. रजिस्टर सरकारी नियमाप्रमाणे भरायचो, आणि या वहीत मुलगा जसे सांगेल तसे, त्याच्याच बोलीत, त्याच्याच शब्दांत लिहायचो. अहिराणी, लेवा बोली, पावरी. पावरी मला येत नव्हती, मग दुसऱ्या मुलाला दुभाष्या करायचो. या वहीमुळे वसतिगृह स्वर्ग झाले असे मी सांगणार नाही. काही मुले तरीही गेली. पण दिवाळीनंतर कोण अडणार आहे, हे मला दिवाळीआधी कळू लागले. मग आजीला भेटायला जाता आले, शेजाऱ्याला म्हैस सांभाळायला सांगता आले. काही ठिकाणी धाकट्या बहिणीलाही शाळेत आणता आले.

बोलीवरून बहिणाबाई आठवतात. असोद्याची ही लेक १८८० साली जन्मली आणि लग्न होऊन जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी आली. तिला अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, कामाच्या नादात ती गाणी रचायची. सोपानदेव, तिचा मुलगा, स्वतः कवी होता. त्याने आईचे शब्द तिच्याच बोलीत कागदावर उतरवले. पुस्तकी मराठीत आणून त्यांचे ‘शुद्धीकरण’ करण्याचा मोह त्या काळच्या शिकलेल्या तरुणाला किती झाला असता, याची कल्पना करा. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या, आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती गाणी पुस्तकरूपाने आली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. मी व्याकरण तपासत बसलो होतो, तिथे सोपानदेवांनी कान दिला. फरक एवढाच, पण त्या फरकात एक मुलगा गेला.

तुम्ही म्हणाल, शाळेचे ठीक आहे. गाव चालवायचे, चळवळ चालवायची तर असे लिहून घेत बसून कसे चालेल? तिथे हुकूम द्यावाच लागतो. याचे उत्तर साक्री तालुक्यात आहे. बारीपाडा हे पश्चिमेकडच्या डोंगरातले छोटे आदिवासी गाव. जंगल तोडून बोडके झालेले, पाणी आटलेले. तिथला चैत्राम पवार हा मुलगा एम.कॉम. झाला. नोकरीसाठी शहराची वाट धरायची सोडून गावातच राहिला, आणि गावाने मिळून जंगल राखायचे ठरवले. तोडीला बंदी, मोडेल त्याला दंड, राखणदारी गावाचीच. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचले.

मला त्यांच्या कामातला एक भाग विशेष वाटतो. तिथे दर वर्षी रानभाज्यांची स्पर्धा भरते. गावोगावच्या बाया रानातल्या भाज्या आणतात, रांधतात, मांडतात. कोणती भाजी कोणत्या पावसानंतर उगवते, कोणती कडू असते म्हणून दोनदा उकळून पाणी टाकावे लागते, कोणती बाळंतिणीला द्यायची. हे ज्ञान त्या बायांच्या डोक्यात होते आणि कोणी विचारत नव्हते म्हणून त्यांच्याबरोबर जाणार होते. जंगल राखा, असा हुकूम वन खात्याचे लोक पन्नास वर्षे देत होतेच. ज्या म्हातारीला जंगलातले चाळीस पाले ओळखता येतात, तिला चार माणसांसमोर बोलते केले, की जंगल का राखायचे हे तिच्या नातवाला वेगळे सांगावे लागत नाही. पुढाऱ्याने आधी असे विचारून घेतलेले असले, की त्याचा दंडसुद्धा लोक आपला म्हणून भरतात.

लिहून घेणे म्हणजे लोक म्हणतील त्याला मान डोलावणे नव्हे, हेही सांगायला हवे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी आधी महिनोन्‌महिने महाराष्ट्र पालथा घातला. गावोगाव सभा घेतल्या, लोकांची मने पाहिली, ज्यांचा विरोध होता त्यांचेही ऐकले. ऐकून घेतले म्हणून ते मागे फिरले नाहीत. १९४७ च्या १ मे रोजी पंढरपुरात त्यांनी उपोषण सुरू केले आणि दहाव्या दिवशी मंदिर खुले करण्याचा निर्णय झाल्यावर ते सोडले. ज्याने इतक्या माणसांचे इतके ऐकून घेतले आहे, त्याच्या हट्टाला वेगळेच बळ असते. समोरच्याला कळते की हा माणूस आपल्याला न ऐकता भांडत नाही.

आणि आता एक गोष्ट, जी गुरुजींच्या स्मृतिदिनी बोलताना आपण सहसा टाळतो. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपले आयुष्य संपवले. पन्नास वर्षांचे होते. स्वातंत्र्य आले होते, गांधीजींचा खून झाला होता, मनासारखे काही घडत नव्हते. कारणे शोधणारे पुष्कळ लिहून गेले. मी त्यात पडत नाही. मला एकच गोष्ट छळते. जो छात्रालयातल्या मुलांच्या उशाशी बसला, ज्याने विनोबांचे अठरा रविवार लिहून घेतले, मजुरांचे, शेतकऱ्यांचे, दलितांचे दुःख अंगावर घेतले, त्या माणसाचे लिहून घ्यायला कोण बसले होते? त्यांच्याभोवती जीव टाकणारी माणसे होती, हे मला माहीत आहे. तरी हा प्रश्न मी सोडू शकत नाही. आपण मार्गदर्शकाकडे घागर घेऊन जातो आणि भरून घेऊन येतो. विहिरीत किती पाणी उरले आहे हे वाकून पाहत नाही. माझ्यासमोर आज तरुण शिक्षक बसले आहेत, आश्रमशाळांवर काम करणारे आहेत, संस्था चालवणारे आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाला मी हात जोडून सांगतो : तुमच्या मनातले सांगायला एक माणूस ठेवा. आणि जे वयाने, अनुभवाने मोठे आहेत त्यांनी एखाद्या संध्याकाळी या तरुणांकडे जाऊन नुसते बसावे. उपदेश नको. चहा घ्यावा, विचारावे, ऐकावे.

मी निवृत्त झालो त्या दिवशी वसतिगृहाच्या किल्ल्या, भांड्यांची यादी, रजिस्टरे असे सगळे माझ्यानंतरच्या अधीक्षकांच्या ताब्यात दिले. सह्या झाल्या. मग कपाटातून त्या वह्या काढल्या. तोवर त्या अकरा झाल्या होत्या. हे सरकारी दप्तर नाही, ठेवायच्या तर ठेवा, म्हणालो. ते माझ्याहून खूप तरुण, शिरपूरकडचे. त्यांनी पहिली वही उघडली. पहिल्या पानावर मी त्या मुलाचे एकच वाक्य लिहून ठेवले होते, त्याने म्हटले होते अगदी तसे. त्यांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, ‘सर, हा आता कुठे असतो?’

मला सांगता आले नाही. त्यांनी खिशातून पेन काढले, त्या वाक्याखाली मुलाच्या गावाचे नाव माझ्याकडून विचारून लिहून घेतले, आणि म्हणाले, ‘बघतो मी.’